आकड्यामागचे नाव
महायुद्धात कामी आलेल्या आप्ताचा शोध कसा घ्यावा

(सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, प्राथमिक व माध्यमिक शिक्षक आणि शासकीय कर्मचारी यांच्या तालुका पातळीवरील शिबिरात झालेल्या भाषणाचा मजकूर.)



सातारा, रत्नागिरी, रायगड, कोल्हापूर या भागांतील काही जुन्या गावांत चावडीच्या, देवळाच्या किंवा शाळेच्या भिंतीत बसविलेला एक दगड आढळतो. पुष्कळदा त्यावर चुन्याचे थर चढलेले असतात. ते खरवडून पाहिले तर मजकूर एवढाच निघतो : या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतकी माणसे गेली आणि त्यांपैकी इतकी मरण पावली. दोन आकडे आणि दोन सनावळ्या. कोण गेले, कोण परतले नाही, कोठे पडले, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या दगडावर नाही.

ज्यांना ती नावे माहीत होती अशी पिढी केव्हाच संपली. त्यांच्याकडून ऐकलेली पिढीही आता थकली आहे. ‘आजोबांचा थोरला भाऊ जर्मनच्या लढाईत गेला, तो बसऱ्याला राहिला,’ एवढ्या एका वाक्यावर अनेक घरांतील आठवण तगून आहे. पुढील दहावीस वर्षांत हे वाक्यही कोणी उच्चारणार नाही. मग दगडावरचा आकडा आकडाच राहील. त्या आकड्यामागचे नाव शोधून काढता येते काय, येत असल्यास कोणत्या मार्गाने, आणि त्यात गावाने, शाळेने व पंचायतीने कोणता वाटा उचलावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

मराठी सैनिक कोठे कोठे गेला

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसे समुद्रापार गेली. सुमारे ७४ हजार परत आली नाहीत. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्याची संख्या २५ लाखांपर्यंत पोचली आणि सुमारे ८७ हजार प्राणांस मुकले. या दोन्ही युद्धांत महाराष्ट्राचा वाटा मोठा होता. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाची ओळख तर ‘अपशिंगे मिलिटरी’ अशीच आहे. त्या एका गावचे ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले.

शोध घेणाऱ्याने प्रथम युद्धाचा भूगोल ध्यानात घ्यावा. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मुख्यतः मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. पुण्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सहाव्या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. ही डिव्हिजन कुत-अल-अमारा येथे तुर्की सैन्याच्या वेढ्यात सापडली. ७ डिसेंबर १९१५ रोजी पडलेला वेढा २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागतीने संपला. सुमारे १३ हजार सैनिक आणि अनुचर युद्धकैदी झाले. वाळवंटातील पायपीट, उपासमार आणि रोगराई यांत त्यांपैकी फार मोठी संख्या दगावली. ‘बसऱ्याला राहिला’ या घरगुती वाक्यामागे पुष्कळदा हा इतिहास असतो. बसरा हे उतरण्याचे बंदर होते. मृत्यू तेथून शेकडो मैलांवरही झालेला असू शकतो.

फ्रान्समध्ये गेलेल्यांत खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या तुकड्या होत्या. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी न्यव्ह शापेल या गावी त्यांच्या २० व २१ क्रमांकांच्या कंपन्यांची जबर हानी झाली. दुसऱ्या महायुद्धात मराठी सैनिक इरिट्रियातील केरेनच्या डोंगरांत, उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात, इटलीच्या नद्यांच्या काठी, मलायात आणि ब्रह्मदेशात लढला. टोब्रुक १९४२ च्या जूनमध्ये पडले तेव्हा तेथील मराठा पलटणही शत्रूच्या हाती सापडली. महार सैनिकांचा स्वतंत्र शोध घ्यावा लागतो. १९१७ मध्ये उभारलेली १११ महार ही पलटण १९२१ मध्ये मोडण्यात आली आणि आजची महार रेजिमेंट १९४१ मध्ये उभी राहिली.

समाधी, दहनस्थान आणि नामफलक

‘त्यांची समाधी कोठे आहे ?’ हा कुटुंबाचा पहिला प्रश्न असतो. त्याचे उत्तर देण्यापूर्वी तीन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. सैनिक पडला ते ठिकाण एक, त्याच्या देहाचे अंत्यसंस्कार झाले ते दुसरे आणि त्याचे नाव कोरले गेले ते तिसरे. ही तिन्ही ठिकाणे एकच असतील असे नाही. मराठी सैनिकाच्या बाबतीत ती बहुधा वेगळीच असतात.

हिंदू आणि शीख सैनिकांचे शक्य तेथे दहन करण्यात येई. दहन झालेल्या सैनिकाची समाधी नसते. त्याचे नाव दहन स्मारकावर असते. अशी स्मारके इटलीत सांग्रो नदीकाठी व फोर्ली येथे, इजिप्तमध्ये अल अलामेन येथे, इरिट्रियात केरेन येथे आणि ब्रह्मदेशात तौक्यान येथे आहेत. एकट्या फोर्लीच्या दहन स्मारकावर सुमारे पावणेआठशे भारतीय सैनिकांची नोंद आहे. इंग्लंडमधील ब्रायटन शहराजवळच्या टेकडीवर ‘छत्री’ या नावाचेच स्मारक आहे. तेथील रुग्णालयांत मरण पावलेल्या ५३ हिंदू व शीख सैनिकांचे त्या जागी दहन झाले होते. मुसलमान व ख्रिस्ती सैनिकांना दफन करण्यात आले, म्हणून त्यांच्या समाध्या आढळतात. ज्यांचा देहच हाती लागला नाही, किंवा ज्यांच्या अंत्यसंस्काराची नोंद राहिली नाही, त्यांची नावे मोठ्या स्मारकांच्या भिंतींवर आहेत. तौक्यानच्या रंगून स्मारकावर सुमारे २७ हजार आणि सिंगापूरच्या क्रांजी येथील स्मारकावर २४ हजारांहून अधिक नावे आहेत.

याचे ठळक उदाहरण रायगड जिल्ह्याचेच आहे. माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे हे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर शत्रूच्या मशिनगनचा मारा झाला. तुकडीतील इतर सर्व जण मृत किंवा जखमी झाले. घाडगे एकटे त्या मशिनगनवर चालून गेले. त्यांनी हातबाँब टाकला, गोळ्या झाडल्या आणि गोळ्या भरण्यास अवसर उरला नाही तेव्हा बंदुकीच्या दस्त्याने उरलेल्यांचा समाचार घेतला. ते ठाणे त्यांनी जिंकले आणि तेथेच लपलेल्या शत्रूच्या गोळ्यांना ते बळी पडले. त्या वेळी त्यांचे वय अवघे २२ वर्षांचे होते. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला.

एवढ्या मोठ्या सन्मानाच्या मानकऱ्याचीही ज्ञात समाधी नाही. त्यांचे नाव रणभूमीपासून दूर, कॅसिनो येथील स्मारकावर कोरलेले आहे. ते जेथे लढले त्या मोंतोने या लहानशा गावाने २०२३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळाच्या रूपाने एक स्मारक उभारले. परक्या देशातील एका ग्रामसंस्थेने रायगडच्या शेतकऱ्याच्या मुलाची आठवण ७९ वर्षांनी दगडात कोरली, ही घटना आपल्या पंचायतींनी अवश्य ध्यानात ठेवावी. समाधी सापडली नाही म्हणून शोध निष्फळ ठरत नाही. नाव कोठे आहे हे कळले तर अर्धे काम झाले आणि माणूस कोठे पडला हे कळले तर उरलेलेही झाले.

बसऱ्याचे आकडे

आता अधिक कटू भागाकडे वळले पाहिजे. महायुद्धातील मृतांच्या समाध्या व स्मारके यांची जबाबदारी सांभाळणारी संस्था १९१७ मध्ये राजसनदेने स्थापन झाली. १९६० पासून तिचे नाव राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग असे आहे. अधिकारी आणि शिपाई, श्रीमंत आणि गरीब यांत भेद करावयाचा नाही, सर्वांचा सन्मान सारखाच राखावयाचा, हे या संस्थेचे आरंभीचे तत्त्व. युरोपात ते बऱ्याच अंशी पाळले गेले. फ्रान्समधील न्यव्ह शापेलचे स्मारक १९२७ मध्ये उभे राहिले. त्यावर ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे, साध्या शिपायांसह, कोरलेली आहेत.

मेसोपोटेमियात मात्र तसे झाले नाही. बसरा स्मारकाचे अनावरण १९२९ मध्ये झाले. समाधी ज्ञात नसलेल्या ४० हजारांहून अधिक सैनिकांसाठी ते उभारण्यात आले होते. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली गेली, भारतीय अधिकाऱ्यांचीही कोरली गेली. परंतु भारतीय नाईक, हवालदार आणि शिपाई यांच्या बाबतीत पलटणीचे नाव लिहून तिच्यापुढे केवळ संख्या घालण्यात आली. ज्यांच्या गावातील दगडावर आकडा होता, त्यांच्या वाट्याला बसऱ्यातही आकडाच आला.

आयोगाने नेमलेल्या समितीचा अहवाल एप्रिल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या महायुद्धातील सुमारे ४५ ते ५४ हजार मृतांना, प्रामुख्याने भारतीय व आफ्रिकी लोकांना, समान सन्मान मिळाला नाही आणि किमान १ लाख १६ हजार जणांची नावे कोठेही लावली गेली नाहीत, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. त्या काळच्या राज्यकर्त्यांच्या मनातील वंशभेद हे त्याचे मूळ कारण असल्याचे अहवालात मान्य करण्यात आले. आयोगाने त्याबद्दल क्षमा मागितली आणि राहिलेली नावे शोधण्याचे काम हाती घेतले. बसरा स्मारक १९९७ मध्ये मूळ जागेवरून सुमारे ३२ किलोमीटर दूर, वाळवंटात हलविण्यात आले होते. युद्धे व हवामान यांमुळे तेथे जाणे आणि त्याची निगा राखणे कठीण झाले. यास्तव २०२४ मध्ये आयोगाने संगणकावर नवे नामफलक सिद्ध केले. त्यांवर पूर्वी केवळ आकड्यांत मोजलेल्या भारतीय सैनिकांची नावे घेण्यात आली आहेत.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, आपल्या गावच्या ज्या सैनिकाचे नाव शंभर वर्षांत कोठेही वाचावयास मिळाले नव्हते, ते आज सापडण्याची शक्यता आहे. दुसरी अशी की, ते सापडले नाही तर पुराव्यासह ते नोंदवून घेण्याची मागणी करता येते. हा कुटुंबाचा हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नव्हे.

शोधाची सुरुवात घरातून

अनेक जण प्रथम दिल्लीला किंवा लंडनला पत्र धाडतात. त्यात सैनिकाचे नाव व ‘पहिल्या महायुद्धात होते’ एवढाच मजकूर असतो. अशा पत्राचे समाधानकारक उत्तर येणे अवघड असते. शोधाची खरी सुरुवात माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतून करावयाची असते.

पेटीत एखादे पदक, म्हणजे घरच्या भाषेत बिल्ला असेल, तर त्याची कड भिंगाखाली धरून पाहावी. पहिल्या महायुद्धाच्या रुपेरी पदकाच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण ठोकलेली असते. तारेच्या आकाराच्या पदकावर हा मजकूर पाठीमागे असतो. दुसऱ्या महायुद्धातील भारतीय सैनिकांच्या पदकांवरही बहुधा नाव व क्रमांक आढळतो. पदक घासून लख्ख करण्याचा मोह टाळावा, कारण घासण्याने अक्षरे झिजतात. काही घरांत ताटलीएवढी गोल कांस्यपट्टिका असते. पहिल्या महायुद्धातील मृताच्या वारसांना ती पाठविली जात असे. तिच्यावर नाव असते, हुद्दा नसतो. पट्टिका असेल तर ती व्यक्ती सेवेत असताना किंवा सेवेमुळे मरण पावली होती, हे त्यावरून ठरते.

यानंतर निवृत्तिवेतनाचे कागद, मनिऑर्डरींच्या पावत्या, पत्रे आणि छायाचित्रे पाहावीत. छायाचित्रातील टोपीवरचे वा खांद्यावरचे चिन्ह पलटणीचा माग देते. घरात काहीच नसेल तर गावचे दप्तर आहे. सैनिकाच्या नावावर जमीन असल्यास त्याच्या मृत्यूनंतर वारसनोंद झाली असेल. ती जुन्या फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये सापडू शकते. तीत पित्याचे नाव, वारसांची नावे आणि मृत्यूचा अदमासे काळ मिळतो. सैनिक शाळेत गेला असल्यास शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरात त्याचे पूर्ण नाव व जन्मतारीख असेल.

या सर्वांत सर्वाधिक मोलाची वस्तू म्हणजे लष्करी क्रमांक. सखाराम, तुकाराम, रामचंद्र ही नावे आणि कदम, मोरे, शिंदे, जाधव ही आडनावे एकेका पलटणीत अनेकांची असत. नावावरून दहा माणसे निघतील. क्रमांक आणि पलटण यांची जोडी मात्र एकाच माणसाकडे बोट दाखविते.

नावाची आणि गावाची जुनी रूपे

नोंदी इंग्रजीत झाल्या आणि लिहिणाऱ्या कारकुनाने कानावर पडले तसे लिहिले. त्यामुळे एकच आडनाव तीनचार प्रकारे लिहिलेले आढळते. पवार हे ‘पोवार’ होते, भोसले हे ‘भोंसले’ होते, जाधव या नावाच्या शेवटी निरनिराळी अक्षरे येतात. ‘मराठा’ हा शब्दही त्या काळी ‘महरट्टा’ असा लिहीत. एका रूपाने नाव सापडले नाही म्हणून शोध सोडू नये. उच्चारानुसार जितकी रूपे संभवतात तितकी करून पाहावीत.

गावाच्या बाबतीत जिल्हा जुना धरावा लागतो. रायगड जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा होता. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये रत्नागिरीतून वेगळा झाला. आजच्या सांगली जिल्ह्यातील अनेक गावे त्या काळी सातारा जिल्ह्यात होती. कोल्हापूर, सावंतवाडी, भोर, फलटण, औंध, जंजिरा ही संस्थाने होती आणि तेथील सैनिकांची नोंद संस्थानाच्या नावाने होऊ शकते. मालवणच्या सैनिकाचे नाव सिंधुदुर्गात शोधणाऱ्यास ते मिळणार नाही. ते रत्नागिरीखाली असेल.

पलटणीचे क्रमांकही बदलले आहेत. १९२२ च्या पुनर्रचनेत १०३, १०५, ११०, ११६ आणि ११७ या मराठा पलटणी अनुक्रमे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या ते पाचव्या पलटणी झाल्या आणि ११४ क्रमांकाची पलटण प्रशिक्षणासाठी दहावी ठरली. म्हणून पहिल्या महायुद्धातील सैनिकासाठी जुना तीन आकडी क्रमांक लिहावा व दुसऱ्यातील सैनिकासाठी नवा. हुद्द्यांतही असाच बदल आहे. त्या वेळचा ‘जमादार’ म्हणजे आजचा नायब सुभेदार होय.

पत्र कोणाकडे धाडावे

सैनिक युद्धात मृत झाला असेल तर पहिली चौकशी युद्धसमाधी आयोगाच्या नोंदीत करावी. ही सूची संगणकावर विनामूल्य पाहता येते. नाव, हुद्दा, क्रमांक, पलटण, मृत्यूचा दिनांक आणि स्मारकाचे ठिकाण ही माहिती तीत असते. पुष्कळ नोंदींत पित्याचे नाव, गाव व जिल्हाही असतो. ज्या शाळेत संगणक आहे, तेथील शिक्षक एका तासात गावातील अनेक नावे तपासू शकतील.

आयोगाच्या नोंदींना काळाची मर्यादा आहे. पहिल्या महायुद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातील मृत्यू तीत येतात. युद्धानंतर घरी परतून बऱ्याच वर्षांनी वारलेल्या सैनिकाचे नाव या सूचीत शोधणे व्यर्थ आहे. त्याच्या सेवेची माहिती रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाकडे मागावी लागते. मराठा लाइट इन्फन्ट्रीसाठी बेळगाव, महार रेजिमेंटसाठी मध्य प्रदेशातील सागर आणि बॉम्बे सॅपर्ससाठी खडकी ही ठिकाणे आहेत. पत्र लिहिताना सैनिकाशी असलेले नाते स्पष्ट करावे व उपलब्ध कागदांच्या प्रती जोडाव्यात, मूळ कागद धाडू नयेत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय या कामी मार्गदर्शन करू शकते व पत्रव्यवहारात साहाय्य देऊ शकते.

सैनिक युद्धकैदी झाला होता असे घरात सांगत असतील तर जिनीव्हा येथील आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीकडे पहिल्या महायुद्धातील कैद्यांची पत्रके जतन केलेली आहेत व तीही संगणकावर खुली आहेत. सिंगापूर पडल्यावर कैद झालेल्यांपैकी काही जण पुढे आझाद हिंद सेनेत गेले. त्यांच्यासंबंधीची कागदपत्रे दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. दिल्लीतील युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन या १८७० मध्ये स्थापन झालेल्या संस्थेनेही महायुद्धांतील भारतीय सैनिकांसंबंधी संशोधनाचे मोठे काम केले आहे.

एक गैरसमज वारंवार आढळतो. दिल्लीच्या इंडिया गेटवर सर्व मृतांची नावे आहेत, असे अनेकांना वाटते. ते स्मारक सुमारे ७० हजार सैनिकांच्या स्मरणार्थ उभारले आहे खरे, पण त्यावरील १३ हजारांहून अधिक नावे प्रामुख्याने वायव्य सरहद्दीवर व १९१९ च्या अफगाण युद्धात पडलेल्यांची आहेत. मेसोपोटेमियात गेलेल्या आजोबांचे नाव तेथे दिसले नाही म्हणून खिन्न होऊन परतण्याचे कारण नाही.

बंदूक न धरलेली माणसे

दगडावरील आकड्यांत सर्वच जण लढाऊ सैनिक नव्हते. हमाल, मजूर, खेचरे हाकणारे, डोलीवाले, भिस्ती, स्वयंपाकी, न्हावी, धोबी अशी हजारो माणसे सैन्याबरोबर गेली. लष्करी भाषेत त्यांना अनुचर म्हणत. ती बहुधा गावातील सर्वांत गरीब घरांतील आणि गावकुसाबाहेरील वस्तीतील होती. त्यांच्या नोंदी सर्वांत विरळ आहेत आणि आठवणी सर्वांत लवकर पुसल्या गेल्या आहेत. गावाची यादी करताना ही नावे प्रथम विचारावीत. ज्या घरात बिल्ला नाही, त्या घरातील माणूस गेलाच नव्हता असा निष्कर्ष काढू नये.

कोकणातील खलाशांचीही हीच गोष्ट. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील दर्यावर्दी आणि गोव्यातील माणसे व्यापारी बोटींवर चाकरीला होती. पाणबुड्यांनी बुडविलेल्या बोटींबरोबर ती गेली. समुद्रात समाधी नसते. मुंबईतील मशीद बंदर भागातील इंडियन सेलर्स होम या वास्तूत पहिल्या महायुद्धातील दोन हजारांहून अधिक नाविक व खलाशी यांचे स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धातील नाविकांची नामावलीही तेथे आहे. कोकणातील किती कुटुंबांना आपल्या पणजोबांचे नाव एका दिवसाच्या प्रवासावर आहे हे ठाऊक असेल ?

याच्या उलट बाजूचे दृश्य पुण्याजवळ खडकी येथे पाहावयास मिळते. तेथील युद्धस्मशानात दुसऱ्या महायुद्धातील दीड हजारांहून अधिक समाध्या आहेत. हिरवळ राखलेली असते, प्रत्येक दगडावर नाव असते आणि परदेशांतून आप्त येऊन त्यांवर फुले वाहतात. हजारो मैलांवरच्या कुटुंबाला आपला माणूस खडकीत कोणत्या रांगेत आहे हे कळू शकते. मग खेड, पाटण किंवा माणगावच्या कुटुंबालाही आपला माणूस कोठे आहे हे कळलेच पाहिजे.

पंचायतीने आणि शाळेने काय करावे

हे काम एकट्या कुटुंबाकडून होणे कठीण आहे. कोणाकडे बिल्ला असतो, कोणाकडे पत्र, कोणाकडे केवळ आठवण. ते सर्व एकत्र आणणारी जागा म्हणजे ग्रामपंचायत आणि शाळा.

पहिले काम स्मृतिशिळेचे. ती शिळा चुन्याने व तैलरंगाने माखू नये, फलकाने झाकू नये, चावडीची दुरुस्ती करताना ढिगाऱ्यात टाकू नये. तिच्यावरील मजकूर उतरवून घेऊन छायाचित्रासह पंचायतीच्या दप्तरी ठेवावा. दुसरे काम नोंदवहीचे. दोन्ही महायुद्धांत गेलेल्या प्रत्येकाचे नाव, पित्याचे नाव, वाडी, पलटण, क्रमांक, परतला की नाही आणि माहिती कोणी दिली, एवढे रकाने पुरेत. ऐकीव माहिती आणि कागदावरील माहिती निरनिराळ्या शाईने लिहावी, म्हणजे पुढे घोटाळा होणार नाही. तिसरे काम विद्यार्थ्यांचे. आठवी-नववीच्या मुलांनी आपापल्या वाडीतील वृद्धांना भेटून आठवणी लिहून आणाव्यात. इतिहासाच्या पुस्तकातील महायुद्ध आपल्या उंबऱ्यावरून गेले होते, हे त्यांना त्यातून उमजेल.

यादी तयार झाली की शिळेवरील आकड्याशी ती पडताळून पाहावी. शिळा सांगते की पाच गेले आणि यादीत तीनच नावे आहेत, तर दोन नावे अजून शोधावयाची आहेत. कदाचित ते कुटुंब गाव सोडून मुंबईला गिरणीत गेले असेल, कदाचित वंश खुंटला असेल. ज्याच्यामागे विचारणारे कोणी उरले नाही, त्याचा वारस गाव आहे. त्याच्या वतीने पत्र लिहिण्याचा अधिकार भावनेने तरी पंचायतीकडे येतो.

ज्या साम्राज्यासाठी ही माणसे लढली ते परक्यांचे होते, मग त्यांचे स्मरण कशास, असा प्रश्न क्वचित विचारला जातो. त्याचे उत्तर साधे आहे. कोणी पोटासाठी गेला, कोणी घराण्याच्या रीतीने गेला, कोणी कर्ज फेडण्यासाठी गेला. राज्य कोणाचे होते हे त्यांनी ठरविले नव्हते. ती माणसे आपली होती. त्यांच्या मनिऑर्डरींवर घरे चालली आणि जमिनी सुटल्या. त्यांना आठवणे म्हणजे साम्राज्याचा गौरव करणे नव्हे. त्या साम्राज्याने ज्यांना संख्येत मोजले, त्यांना माणसांत मोजणे होय.

शोध पुरा झाला की हाती काय येते ? बहुधा एका स्मारकाचे नाव, एका भिंतीचा क्रमांक आणि एक दिनांक. दिसावयास ते थोडे आहे. परंतु ज्या घरात शंभर वर्षे तिथी माहीत नव्हती त्या घराला तिथी मिळते आणि श्राद्धाला किंवा प्रार्थनेला दिवस मिळतो. गावाला आपल्या दगडावरील आकड्यासाठी नावे मिळतात. येत्या ग्रामसभेच्या कामकाजात हा एक विषय घेण्यात यावा आणि स्मृतिशिळा असलेल्या प्रत्येक गावाने त्या शिळेशेजारी नावांचा एक साधा फलक लावण्याचा संकल्प करावा. त्यासाठी मोठे अनुदान लागत नाही. एक वही, थोडा पत्रव्यवहार आणि जे वृद्ध आज बोलू शकतात त्यांच्यापाशी बसण्यास थोडा वेळ, एवढ्यावर हे काम उभे राहते. यांतील वृद्धांपाशी बसण्याचे काम पुढे ढकलता येण्यासारखे नाही.